शेवटच्या गाण्यातलं मशीन

आप्पा, आमची टेप बाहेर आली. चोवीस वर्षांनी. टेप म्हणायची सवय आहे म्हणून म्हणते, खरं तर टेप आता कुणी ऐकत नाही. ती फोनवर आली आहे, आणि हौशी लोकांसाठी मोठी काळी रेकॉर्डही निघाली आहे, तुमच्या पलटणीच्या मेसमध्ये असायची म्हणून तुम्ही सांगायचात तसली. आत्ता माझ्यासमोर टेबलावर पडली आहे. कव्हरवर त्या कोल्ड स्टोरेजच्या चेंबरचं दार आहे, जाड, पांढरं, लोखंडी कडीचं. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. रेकॉर्ड हातात आली त्या दिवसापासून तुम्हाला हे कळवायला हवं असं वाटतंय, आणि रोज शाळेतून आले की काहीतरी दुसरं काम निघतं. आज रविवार आहे, आई दुपारची झोपली आहे, आणि सातारच्या या घरात माझ्याकडं टाळायला काही उरलेलं नाही.

तुम्ही लष्करातून आलात तेव्हा मी नववीत होते. कोरेगावच्या बाजूला गावाकडं आपला ऊस होता, तो काकांच्या ताब्यात देऊन तुम्ही तासगावला बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर म्हणून लागलात. सतरा वर्षं फौजेत तुम्ही थंड करणारी मशिनंच दुरुस्त केली होती, आणि दुसरं काही करायचं तुमच्या मनातही नव्हतं. आवारातच आपल्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराची भिंत आणि मशीनरूमची भिंत यांच्यात जेमतेम एक माणूस जाईल एवढा बोळ. आईच्या मांडणीतली भांडी दिवसभर बारीक थरथरत असायची. मशीन मध्येच थांबलं की आई तव्यावरची भाकरी तशीच टाकून दारात यायची, "आवं, काय झालं?" दुसऱ्यांच्या घरात माणसं आवाजानं दचकतात, आपल्याकडं आवाज थांबला की दचकायची.

मशीनचं दुखणं तुम्ही कानानं ओळखायचात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. एकदा डबा द्यायला आले तेव्हा तो स्क्रूड्रायव्हर तुम्ही माझ्या हातात दिलात. "ऐक. काय ऐकू येतंय?" मी म्हणाले, घरघर. "ती तर समद्यांनाच ऐकू येतीया. तिच्या खालचं ऐक." मी कान दाबून उभी आहे, मुठीची थरथर दातांपर्यंत जाते आहे, आणि बऱ्याच वेळानं त्या घरघरीच्या खाली एक बारीक, सरळ सूर लागतो. मी तो गुणगुणून दाखवला. तुम्ही हसला नाहीत. गंभीरपणे मान हलवून म्हणालात, "व्हय, त्योच. त्यो हलला की समजायचं, मशीनीत बिघाड हाय." पुढं सांगलीला मी रीतसर गाणं शिकले, परीक्षा दिल्या, आज शाळेत पोरांना शिकवते. पण सूर म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

कॉलेजात असताना मला ते दोघं भेटले. एक सांगलीच्या पेठेतल्या जैन व्यापाऱ्याचा मुलगा. घरात बेदाण्याचा व्यापार आणि याच्या हातात गिटार. दुसरा कुपवाडच्या कारखान्यात लेथवर कामाला. द्राक्षांच्या औषधाची निळी पिंपं, पत्र्याचे डबे, लेथवरून निघालेला लोखंडाचा चुरा भरलेली पिशवी, असल्या गोष्टींवर तो जे वाजवायचा ते ऐकून मी पहिल्यांदा थक्कच झाले होते. तुम्ही त्यांची नावं कधी घेतली नाहीत, 'पेठंतला' आणि 'कुपवाडचा' एवढंच म्हणायचात. मीही इथं तेवढंच म्हणते. आम्ही तिघांनी बँड काढला. चाली साध्या, गोड, कुणालाही गुणगुणता येतील अशा. पण शब्द म्हणजे एस.टी. स्टँडवरच्या घोषणा, बागायतदारांसाठी वाचला जाणारा हवामानाचा अंदाज, आईच्या वाणसामानाची यादी. हार्मोनियमचा आवाज गिटारच्या पेडलमधून काढून आम्ही तो असा ताणायचो की ती हार्मोनियम आहे हे कुणाला ओळखता यायचं नाही. एकदा आपल्या स्वयंपाकघरात बसून तुम्हाला दोन गाणी ऐकवली. तुम्ही आधी चहा संपवलात. मग म्हणालात, "चाल ग्वाड हाय. शब्द काय कळलं न्हाईत. पर मोटार बरी चालतीया." कुपवाडचा एवढा हसला की त्याला ठसका लागला. पुढं आमचं एखादं गाणं जमलं की आम्ही तेच म्हणायचो, मोटार बरी चालतीया.

त्याच्यावरून तुम्ही मला एकदा बोललात, ते अजून टोचतं. तो पाळी संपवून थेट आला होता, हाताला ग्रीस, कपड्यांना तेलाचा वास, आणि येऊन पलंगावरच्या धुतलेल्या चादरीवर बसला. मी म्हणाले, "अरे, आधी हात तरी धू, उठ तिथून." तो उठला, ओशाळला, बाहेर नळावर गेला. तुम्ही जेवत होता. घास खाली ठेवलात. "हाताचं काळं बघून माणसाला उठवायचं न्हाई," म्हणालात. "ह्या घरात तर न्हाईच न्हाई." आवाज चढवला नव्हता. मग तुम्ही स्वतःचे हात माझ्यासमोर धरलेत, नखांच्या कडा काळ्या, अंगठ्याजवळ भाजल्याची जुनी खूण, आणि पुन्हा जेवायला लागलात. पुढच्या आठवड्यात त्याच हातांनी तुम्ही आमच्यासाठी माइकचे तीन स्टँड करून आणलेत. जुन्या पाइपांचे तुकडे वेल्डिंग करून, खाली जड पाया देऊन, वर फौजेतला हिरवा रंग मारून. त्यांचं वजन इतकं की एक उचलायला मला दोन हात लागायचे. "वारा आला तरी हलायचं न्हाईत," तुम्ही म्हणालात. आम्ही कुठल्या वाऱ्यात गाणार आहोत असं तुम्हाला वाटलं होतं, कोण जाणे.

रेकॉर्डिंगसाठी रिकाम्या चेंबरची कल्पना मात्र माझी. पौषात जुना माल निघालेला असतो, नवा यायचा असतो. तळमजल्यावरचं एक चेंबर पूर्ण रिकामं होतं, आणि आत एक टाळी वाजवली तर ती चार-पाच सेकंद परत येत राहायची. मालकांना तुम्हीच विचारलंत. ते म्हणाले, करा बापडे, पण शेजारच्या चेंबरमध्ये लोकांचा माल आहे, त्याला धक्का लागता कामा नये. मग तुम्ही हिशेब बसवलात की थंडीचे दिवस आहेत, दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवलं तर चालेल. चार दिवस, दोन-दोन तास. पेठेतल्यानं पुण्यातल्या कुणाचा तरी रेकॉर्डर मागून आणला होता, तो पाचव्या दिवशी सकाळी परत द्यायचा होता. आम्ही स्वेटर, मफलर घालून आत, आणि तुम्ही बाहेर स्टुलावर, हातात घड्याळ, डोळे शेजारच्या चेंबरच्या थर्मामीटरवर. त्या चार दिवसांत तुम्ही दुपारचं जेवला नाहीत असं आई अजून सांगते.

चौथ्या दिवशी शेवटचं गाणं राहिलं होतं. अकरा मिनिटांचं. एक हार्मोनियमचा सूर, त्यावर पिंपांचा संथ ठोका, आणि मी एस.टी.च्या थांब्यांची नावं म्हणत जाते, तासगावपासून पलूस, कराड करत सातारपर्यंत, एवढंच ते गाणं. दोनदा सुरू करून चुकलं. तिसऱ्यांदा सुरू केलं तेव्हाच चार वाजत आले होते. चार वाजून गेले आणि आम्ही थांबलो नाही. तुम्ही बाहेर किती वेळ वाट पाहिलीत ते मला आत कळायला मार्ग नव्हता. सातव्या मिनिटाला भिंतीतून मशीन सुरू झालं. आधी जमीन थरथरली, मग पाइपांतून तो आवाज चढत आला आणि चेंबरभर पसरला. पेठेतल्यानं माझ्याकडं बघून मान हलवली, गेलं म्हणून. कुपवाडच्याचा हात मात्र थांबला नाही. आणि मी, काही विचार न करता, हार्मोनियमचा सूर सोडून त्या घरघरीच्या खालच्या सुरावर आले. उरलेली चार मिनिटं मी तुमच्या मशीनच्या सुरात गायले. गाणं संपलं तेव्हा दार उघडून तुम्ही उभे होता. "मशीन लावली गं," तुम्ही म्हणालात. "टेंपरेचर चढाय लागलं हुतं. इलाज न्हवता." रेकॉर्डर चालूच होता. पेठेतला चिडला होता, "टेक वाया गेला, आता परत घ्यायलाही वेळ नाही," असं काहीतरी पुटपुटला. तुम्ही ते ऐकलंत. कुपवाडचा म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, काय वाईट झालं न्हाई." मी काहीच म्हणाले नाही. पण मला त्याच क्षणी माहीत होतं, आप्पा, की आम्ही केलेल्या सगळ्यात ती चार मिनिटं सगळ्यांत चांगली आहेत.

पुण्याच्या कॅसेट कंपनीनं टेप घेतली तेव्हा आम्ही किती नाचलो. कागदावर सह्या झाल्या, गणपतीत बाजारात आणू म्हणाले. तुम्ही गावाकडं पत्र लिहिलंत, पलटणीतल्या दोघा मित्रांना लिहिलंत, स्टोरेजमधल्या हमालांना सांगितलंत. गणपती गेले, दसरा गेला. शेवटी मी एकटीच पुण्याला गेले. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि चांगल्या शब्दांत सांगितलं की ही टेप निघणार नाही. "चाली बऱ्या आहेत हो," ते म्हणाले, "पण हे घ्यायचं कुणी? लग्नात वाजवता येत नाही, गाडीत लावता येत नाही. यात गाणं कुठाय तेच लोकांना सापडणार नाही." आणि मी उठताना, सहज, हसत, "शेवटी ते गिरणीसारखं काय घुरघुरतंय?" टेप करारानं त्यांची झाली होती, त्यामुळं ती परतही मिळणार नव्हती. एका कपाटात ठेवली जाणार होती, एवढंच.

संध्याकाळी तासगावच्या स्टँडवर तुम्ही मला न्यायला आला होता. मी उतरल्या उतरल्या विचारलंत, "कवा काढत्यात?" मला सांगायचं होतं की आमची गाणी कुणालाच नको आहेत. ते वाक्य तोंडातून फुटेना. मी म्हणाले, "नाही काढत. शेवटच्या गाण्यात मशीनचा आवाज आलाय म्हणून." तुम्ही माझी पिशवी हातात घेतलीत. थोडं चालल्यावर म्हणालात, "म्हंजी मी लावली ती?" मी म्हणाले, "हो." तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही टेपचं नाव कधी काढलं नाहीत, आणि मीही नाही. बँडमधल्या दोघांना मी खरं ते सांगितलं, घरात मात्र ते तसंच राहिलं. मशीनरूममधून तुम्ही आलात की मी दुसऱ्या खोलीत जायचे. तुम्हाला वाटत असेल, पोरगी अजून रागात आहे. खरं तर मला तुमच्याकडं बघवत नव्हतं.

बँड मोडायला काही भांडण लागलं नाही. पेठेतला दुकानात बसायला लागला, कुपवाडच्याची पाळी बदलली, मला सातारला शाळेत नोकरी लागली, लग्न झालं. तुम्ही दोघं गावी परतलात. मी दर सुट्टीत यायचे, आणि दर वेळी ठरवून यायचे की या खेपेला सांगायचं. मग तुमचे कान गेले. इतकी वर्षं मशीनशेजारी काढल्यावर जायचेच होते, डॉक्टर म्हणाले. आधी बारीक आवाज गेले, मग बोलणं. शेवटी शेवटी तुमच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागायचं, अंगणातून गल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढं. मी स्वतःची समजूत घातली की असली गोष्ट ओरडून सांगता येत नाही. कागदावर लिहून तुमच्या हातात देता आली असती, चष्मा लावून तुम्ही रोजचा पेपर अथपासून इतिपर्यंत वाचायचात. तेही मला सुचत होतं, आप्पा. सुचलं नाही असं म्हणता येणार नाही.

गेल्या वर्षी एका मुलीचा फोन आला. बेळगावची, राहते बंगळुरात, जुन्या, न निघालेल्या टेपा शोधून काढणं हाच तिचा उद्योग. म्हणाली, "मॅडम, तुमची टेप माझ्याकडं आहे की." ती कंपनी कधीच बंद झाली होती, गोडाऊनमधला माल एका जुन्या कॅसेटवाल्यानं उचलला होता, त्याच्याकडून ही खोकी हिच्याकडं आली. तिनं ऐकली आणि तीन दिवस दुसरं काही ऐकलं नाही, असं ती म्हणते. तुझ्या जन्माच्या वेळची टेप असेल म्हटल्यावर म्हणाली, "जन्माच्या आधीची मॅडम, थोडी." हक्काचे कागद तिनं स्वतः खेटे घालून सोडवले. आम्ही तिघांनी नुसत्या सह्या केल्या. आणि मग ती बाहेर आली, आणि पोरं ती ऐकायला लागली. कुठली कुठली पोरं, जी तासगाव कुठं आहे तेही जाणत नाहीत, ती आपल्या स्टँडवरच्या घोषणा म्हणतात. लिहितात. आणि सगळीच शेवटच्या गाण्याबद्दल लिहितात.

कुपवाडच्याचं आता स्वतःचं वर्कशॉप आहे, चार लेथ आहेत. एका रविवारी दुपारी आम्ही तिघं तिथं जमलो. पेठेतला टक्कल घेऊन आला, बेदाण्याची पिशवी घेऊन आला. मशिनं बंद करून आम्ही खुर्च्या मांडल्या आणि सगळी रेकॉर्ड ऐकली. गाणं संपल्यावर तुमचा आवाज येतो, आप्पा. त्या मुलीनं तो काढला नाही. 'मशीन लावली गं.' कुपवाडचा उठून पंख्याचं बटण उगाच बंद-चालू करत राहिला. पेठेतला म्हणाला, "मी त्या दिवशी चिडलो होतो. आप्पांना काय वाटलं असेल?" मी रेकॉर्ड कव्हरात घातली.

त्याच दुपारी एका वाहिनीसाठी मुलाखत घ्यायला एक मुलगी आली होती. तिनं विचारलं, "सातव्या मिनिटाला ते मशीन येतं ना, अंगावर काटा येतो. ही कल्पना कुणाची?" मी म्हणाले, "तशी सगळ्यांचीच. आम्हाला मशीनसोबत गायचं होतं." किती सहज म्हणाले. ती निघून गेल्यावर कुपवाडचा मला फाटकापर्यंत सोडायला आला. "मशीन आप्पांनी लावलं हुतं," तो म्हणाला. "आपल्याला कुणाला म्हाईत बी न्हवतं." मी म्हणाले, "सगळंच थोडी सांगायचं असतं?" तो म्हणाला, "समदं न्हाई. पर आप्पांचं सांगायचं हुतं." त्याचे हात अजून तसेच आहेत, काळे. मला त्यांच्याकडं बघवेना, म्हणून मी गाडीत बसले.

पुढच्या आठवड्यात बेळगावच्या मुलीचं पाकीट आलं. टेपच्या खोक्यात, कागदांच्या खाली, घडी घातलेला एक कागद तिला सापडला होता. आधी तिला ती गाण्यांची यादी वाटली. रेघांचा फुलस्केप, तुमचं उभं, दाबून लिहिलेलं अक्षर, वर 'विनंती अर्ज' आणि त्याखाली दुहेरी रेघ. 'अर्जदार माजी सैनिक असून तासगाव येथे कोल्ड स्टोरेजमध्ये ऑपरेटर आहे. आपल्याकडे तीन मुलांची गाण्याची टेप आली आहे. तिच्या शेवटच्या गाण्यात मशीनचा आवाज आहे. माझ्या मुलीने मला सांगितले की त्या आवाजामुळे आपण टेप नामंजूर केली. साहेब, ते मशीन मी लावले. मुलांना सांगितले नव्हते. शेजारच्या चेंबरचे टेंपरेचर चढले होते व तो माल दुसऱ्यांचा होता. चूक माझी आहे, मुलांची नाही. येत्या पौषात माल निघाल्यावर मी पूर्ण दिवस मशीन बंद ठेवीन व स्वतः दारात उभा राहीन. गाणे पुन्हा घ्यावे. तथापि एक विनंती की मशीन लागल्यानंतर मुलीने आपला सूर त्या सुराला लावला आहे व तो शेवटपर्यंत हललेला नाही. साहेबांनी ते एकदा ऐकावे. मला गाण्यातले कळत नाही, परंतु आवाज कळतो. कळावे.' खाली सही, हुद्दा, आणि वर समासात कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं, 'समक्ष आणून दिला. उत्तराची गरज नाही.'

समक्ष. मी तारीख पाहिली आणि मला तो दिवस आठवला. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, बूट पुसून तुम्ही पहाटेच्या गाडीनं निघालात. पेन्शनच्या कागदासाठी सातारला जातो म्हणालात. संध्याकाळी आलात ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन. आईचा चतुर्थीचा उपवास होता, तिनं त्यातला एक नैवेद्याला ठेवला. मला तुम्ही दोन दिलेत, आणि मी तोंड फिरवून खाल्ले. मी तो अर्ज आईला वाचून दाखवला. ती सत्तरीची झाली आहे, पण तिला सगळं नीट कळतं. "पुण्याला गेल्तं व्हय?" ती म्हणाली. "मला म्हणालं सातारला." मग म्हणाली, "पर पेढं तर सातारचंच हुतं की." मी म्हणाले, येताना उतरले असतील. पेढ्यांसाठी. तिनं मान हलवली. पदरानं कागदावरची नसलेली धूळ पुसली आणि विचारलं, "तू सांगितलं हुतंस व्हय त्येंना तसं? मशीनीमुळं म्हून?" मी चहा ठेवायला उठले.

बेळगावच्या मुलीला रेकॉर्डच्या पुढच्या खेपेत आतल्या पानावर तुमचा अर्ज छापायचा आहे, तुमच्या अक्षरात नाही, टाइप करून, सगळ्यांना वाचता येईल असा. पेठेतला आणि कुपवाडचा लगेच हो म्हणाले. मी आठ दिवस मागून घेतले. मग तिला फोन केला. मुलाखतीत मी खोटं बोलले, हे तिला आधी सांगितलं. ती "बरं मॅडम" म्हणाली. वाजवणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव घालायला सांगितलं. तिनं विचारलं, "नावापुढं काय लिहू? कुठलं वाद्य?" मी म्हणाले, "मशीन लिही." आणि अर्ज छाप, म्हणाले. तुमचं नाव आता तिथं असेल, आप्पा, आमच्या तिघांच्या नावांच्या रांगेत, कुणाच्या खाली नाही. हे सांगायलाच मी लिहायला बसले होते, आणि इथं थांबले असते तर बरं दिसलं असतं. हा कागद तसाही कुठं टाकायचा नाही, याच वहीत राहणार आहे, तेव्हा उरलेलंही लिहिते.

फोन ठेवायच्या आधी मी तिला म्हणाले, अर्जातलं एक वाक्य गाळ. 'माझ्या मुलीने मला सांगितले की' ने सुरू होणारं, ते. तिनं विचारलं, "तिथं टिंबं देऊ का मॅडम?" मी म्हणाले, "नको. जोडून घे." काल तिनं छापायच्या पानाचा फोटो पाठवला. जोड दिसत नाही. 'तिच्या शेवटच्या गाण्यात मशीनचा आवाज आहे. साहेब, ते मशीन मी लावले.' सरळ वाचता येतं. वाचणाऱ्याला वाटेल, तुम्हाला कुणी काही सांगितलंच नव्हतं.